गावच्या पर्यावरणावर झीन काढताय? या चुका टाळा

झीन म्हणजे आपल्या शाळा-वाचनालयांतल्या हस्तलिखिताचंच धाकटं भावंड. चार-पाच जणांनी मिळून लिहायचं, चित्रं काढायची, झेरॉक्स मारायची, घड्या घालायच्या आणि वाटायचं. खाण, म्हादई नदीचं पाणी, मोलेचं जंगल, डोंगरकापणी, कचरा असे विषय समोर असताना गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावरच्या मुलांना ते काढावंसं वाटणारच, आणि वाटायलाच हवं. पण पहिला अंक निघतो, वाहवा होते आणि काम तिथेच थांबतं. त्यामागच्या चुका बहुतेक वेळा त्याच त्या असतात.

सगळ्या पृथ्वीवर लिहायला जाणं

‘तापमान वाढतंय, झाडं लावा, प्लास्टिक टाळा’ हे वाचकाने पाचवीच्या पुस्तकात वाचलेलं असतं. वर्तमानपत्रात कधीच येणार नाही ते झीनमध्ये यायला हवं. आपल्या वाड्यावरची झर हल्ली कोणत्या महिन्यात आटते? पावसाचं पाणी कोणत्या मोरीपाशी तुंबतं, आणि तिथे आधी काय होतं? सुका कचरा न्यायला गाडी कोणत्या दिवशी येते, आणि आली नाही तर कोणाला विचारायचं? अशी आठ पानं भरली तरी अंक झाला. ‘शाश्वत जीवनशैली’ असं मोठं शीर्षक देण्यापेक्षा तालुक्यातल्या कोणत्या चित्रशाळेत चिकणमातीचा गणपती मिळतो त्याची यादी छापा. ती चवथीपर्यंत लोक जपून ठेवतील.

बाहेरची घोषणा जशीच्या तशी उचलणं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. ‘कांदळवन वाचवा’ हेच घ्या. चोडण-दिवाडीसारख्या बेटांवर खाजन शेती आहे. तिथे नदीचं खारं पाणी बांधाने अडवलेलं असतं. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, आणि ओहोटी लागली की आतलं पाणी त्याला ढकलून नदीत उतरतं. बांधाच्या बाहेर, नदीच्या अंगाला उभी असलेली कांदळं लाटांचा मार झेलतात आणि बांध राखतात. मात्र बांध फुटून खारं पाणी आत शिरलं आणि तीच कांदळं शेतात रुजली, तर शेत गेलंच म्हणायचं. एकदा वाढल्यावर ती परवानगीशिवाय तोडताही येत नाहीत. अशा गावात नुसतं ‘कांदळवन वाचवा’ छापलं, तर जो शेतकरी तुमचा पहिला साथीदार व्हायचा, तोच दुरावतो.

म्हणून लिहिण्याआधी ओहोटी लागायच्या वेळी मानशीवर जाऊन उभे राहा. सोबत ती सांभाळणारा माणूस असू द्या. दार कसं हलतं, फळ्या कुठे कुजल्यात, खेकड्यांची बिळं बांधाला कुठे पोखरतात, हे तो बोट दाखवून सांगेल. त्याचं चित्र काढा. बांधाची डागडुजी पूर्वी गावकारी, म्हणजे गावाची जुनी सामूहिक संस्था, बघायची; कूळकायद्यानंतर ती कुळांच्या संघटनांकडे आली. आज तुमच्या गावात ते काम नेमकं कोण करतं, हे विचारून छापा. ते एक पान दहा घोषणांपेक्षा जास्त कामाचं आहे.

पुराव्याशिवाय बोट दाखवणं

‘अमक्याने डोंगर कापला’ असं छापायचं असेल तर हातात कागद हवा. सर्व्हे नंबर शोधा, एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढा, फोटोखाली तारीख आणि जागा लिहा. परवानगी होती का, हे माहिती अधिकारात विचारा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर साधारण 30 दिवसांत यायला हवं. उत्तर आलं नाही, तर ‘अमुक तारखेला अर्ज दिला, उत्तर नाही’ हेसुद्धा छापण्याजोगंच आहे. ऐकीव नाव मात्र छापू नका. एका चुकीच्या नावामुळे बाकीची सातही पानं खोटी ठरतात, शिवाय बदनामीच्या खटल्याची भीती वेगळी.

याच्या उलट, काही खऱ्या गोष्टीही छापू नयेत. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी नेमकी कुठे उगवतात, दुर्मीळ पक्ष्याचं घरटं कोणत्या झाडावर आहे, हे नकाशात दाखवलं तर पुढच्या पावसात तिथे काही उरणार नाही.

छपाईत अडतं कुठे

पानांचा क्रम चुकणं ही नेहमीची अडचण. एकाच कागदाचं आठ पानी झीन करायचं तर आधी कोऱ्या कागदाला घड्या घाला, मधला काप द्या, पानांवर आकडे टाका आणि मग कागद उलगडून कोणतं पान उलटं येतं ते पाहा. ए-4 कागदावर अक्षर फार बारीक होतं, म्हणून ए-3 घ्या. मागची बाजू कोरी राहते, तिथे वाड्याचा नकाशा मावतो.

पिना मारायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी छापायच्या पानांची बेरीज नेहमी सारखी असते: 16 पानांत 1 बरोबर 16, 2 बरोबर 15. दोन्ही बाजूंनी छापताना मागची बाजू उलटी आली, तर प्रिंटरमध्ये ‘शॉर्ट एज’चा पर्याय निवडा.

पेन्सिलीची चित्रं झेरॉक्समध्ये पुसट होतात; ती काळ्या पेनाने गिरवा. जंगलाचे गडद फोटो नुसते काळे डाग होऊन येतात, तिथे रेखाचित्र बरं. बारीक देवनागरी टाइपात काने-मात्रे भरून जातात; 12 पॉइंटच्या खाली जाऊ नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुकानातल्या संगणकावर तुटतो, म्हणून युनिकोडमध्ये लिहून पीडीएफच न्या. आणि जुलैत रीम उघडी ठेवू नका. दमट कागद मशीनमध्ये अडकतो. मुखपृष्ठाला प्लास्टिकचं लॅमिनेशन तर नकोच. प्लास्टिकविरुद्धचा मजकूर प्लास्टिकखाली कसा ठेवणार?

चुकीच्या वेळी, चुकीच्या हातात

5 जूनला, पर्यावरणदिनी, अंक काढायचा मोह सगळ्यांना होतो. पण तेव्हा गाव शेताच्या आणि पावसाच्या तयारीत बुडालेला असतो. त्यापेक्षा चवथीच्या दोन आठवडे आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या, रानफळांवर अंक काढा. कांगले, माट्टी, कवंडळ, आंबाडे आता कोणत्या रानात मिळतात आणि कुठे मिळेनासे झालेत, हे सांगायला प्रत्येक घरात कोणीतरी असतंच. किंवा ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात काढा, म्हणजे तिथे प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात तो असेल. वाटायचा कुठे? पोदेराकडे (पाववाल्याकडे), चहाच्या हॉटेलात, भजनाच्या मंडपात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. नुसती पीडीएफ फिरवली तर ती आपल्याच ओळखीच्या लोकांत घुटमळते. गावात रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी वाचणारी घरं असतील तर मधलं एक पान तरी त्यांच्यासाठी ठेवा. बांध त्यांचाही आहे.

अंक ठराविक काळाने काढून त्यात बातम्या आणि त्यांवरची मतं द्यायची असतील, तर तो नियतकालिक ठरू शकतो. त्याच्या नोंदणीचा 2023चा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू आहे. ‘मासिक’ असं छापण्याआधी जाणकाराला विचारा.

दुसऱ्या अंकाचं पहिलं पान आधीच राखून ठेवा. पहिल्या अंकातल्या प्रश्नांवर पंचायतीने काय उत्तर दिलं आणि वाचकांनी कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या, ते तिथे तारखेसह येऊ द्या.