एकाच्या हातात दोर, दुसऱ्याच्या हातात पोहरा

वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत लागून मला आठच महिने झाले होते. आमचा डेटा लॉगर, म्हणजे आकडे नोंदवून ठेवणारा लिनक्सवरचा बोर्ड, फ्लॅश मेमरीवर जेएफएफएस-२ ही फाइल सिस्टिम वापरायचा. गंमत म्हणजे पैठण तालुक्यात शेतावर बसवलेल्या लॉगरची कधी तक्रार नव्हती, टेबलावरचा मात्र दहा-बारा दिवसांत थिजायचा. शेतावर रोज लाइट जायची आणि आली की बोर्ड नव्याने सुरू व्हायचा. मधले काही तास कोरे दिसले तर ‘रेंज गेली असंल’ म्हणून आम्ही सोडून द्यायचो. भारनियमनाने बग झाकला होता.

थिजायचा म्हणजे पिंगला उत्तर यायचं, पण फाइलला हात लावला की टर्मिनल गप्प. लॉगरची प्रोसेस आणि फ्लॅशवरची जुनी जागा मोकळी करणारा जीसी (गार्बेज कलेक्शन) थ्रेड दोन्ही ‘डी’ अवस्थेत, म्हणजे कशाची तरी वाट बघत अडकलेले. कर्नलमध्ये लॉक चुकीच्या क्रमाने घेतले तर ओरडणारं लॉकडेप नावाचं साधन असतं. आठवडाभर मी त्याच्या भरवशावर बसलो, ते अवाक्षर काढेना. पेज लॉक (मेमरीतल्या फाइलच्या एका पानावरचं कुलूप) म्हणजे नुसता एक बिट, लॉकडेप त्याच्याकडे बघतच नाही, हे मला कुठं माहीत! शेवटी सिरियल कन्सोलवरून सिसआरक्यूचा (थेट कर्नलला द्यायच्या आज्ञांचा) ‘डब्ल्यू’ दिला, तेव्हा अडकलेल्यांचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये थांबलंय त्याच्या याद्या, मिळाल्या. नवीन असाल तर हे पहिल्याच दिवशी करा, आणि स्टॅक कागदावर शेजारी-शेजारी लिहा.

लिहिल्यावर आडावरचं भांडण दिसलं. लॉगरच्या हातात पेज लॉक, त्याला हवा फाइलचा एफ-सेम, म्हणजे त्या फाइलचं कुलूप. जीसीच्या हातात एफ-सेम, त्याला हवं तेच पेज. दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेले, म्हणजेच डेडलॉक. फ्लॅश भरत आली की जीसीची वर्दळ वाढते, म्हणून दहा-बारा दिवस लागायचे.

मी राइट-बिगिनमध्ये (लिहायला सुरुवात करणाऱ्या फंक्शनमध्ये) कुलपं घेण्याचा क्रम उलटा केला आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी वाचणारी प्रोसेस अडकली, कारण वाचताना पेज लॉक आधीच हातात असतो. मग कर्नलचा गिट लॉग, म्हणजे बदलांची नोंदवही, उघडली (हे खरं तर सगळ्यात आधी करायचं). माझ्यासारखाच क्रम तिथंही कुणी बदलला होता, आणि २०१६मध्ये तो बदल मागे घेतला होता. खरी दुरुस्ती जीसीत होती: पेज मागण्याआधी एफ-सेम सोडायचा, पेज मिळालं की परत घ्यायचा. मधल्या वेळात फाइल बदलली तर? जीसीच्या हातात अलॉक-सेम, म्हणजे फ्लॅशवर लिहिण्याचं कुलूप असतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला लिहिताच येत नाही. हे पटेपर्यंत माझे दोन चहा झाले.

आमचा कर्नल जुना, बोर्डासोबत आलेला. माझा बदल काढून टाकला, जीसीची दुरुस्ती त्यात आणली, फ्लॅश काठोकाठ भरून महिनाभर चालवलं. नवा कर्नल घेऊन पैठणच्या शेतावर गेलो, तर लाइट नव्हती.