डिझेल गाडीत पेट्रोल पडलं? पुढच्या पाच मिनिटांतल्या या चुका टाळा

पहाटेचे सव्वाचार. वाशीच्या खाडीपुलावर आमचा पिकअप बंद पडलेला, मागे कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, वरून जुलैचा पाऊस, आणि फोनवर ड्रायव्हर एवढंच म्हणतोय, "शेठ, गाडी झटके मारत होती, आता स्टार्टच होत नाही." पंपावर काय झालं ते त्याने सांगितलं नाही. गाडी टोइंग करून कुर्ल्याला नेली, मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. दोन हजारांचं पेट्रोल, म्हणजे एकोणीस लिटरच्या आसपास. डिझेलच्या गाडीत.

वाशी मार्केटमधून दादरला भाजी आणणाऱ्या आमच्या दोन गाड्या आहेत. त्या दिवसाचा माल गेला, भाडं गेलं, आणि दुरुस्तीचं बिल लाखाच्या पुढे गेलं. नंतर डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींशी बोलत गेलो तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली. चुकीचं इंधन भरणं ही स्वस्तात सुटणारी चूक आहे. टाकी रिकामी करायची, फिल्टर बदलायचा, ताजं डिझेल भरायचं, काही हजारांत काम होतं. लाखाचं बिल होतं ते त्यानंतरच्या पाच मिनिटांत केलेल्या चुकांमुळे.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक : चावी फिरवणं

"बाजूला घेऊन लावतो, मग बघू" म्हणत गाडी चालू करतात. नका करू. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबून इतकी तापवतात की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पेट्रोल नेमकं उलट स्वभावाचं, दाबाखाली आपोआप पेटू नये असंच ते बनवलेलं असतं. म्हणून गाडी खडखडते, धूर मारते, ओढत नाही. पण खरं नुकसान तिथे नाही, ते इंजिनला डिझेल दाबून पुरवणाऱ्या पंपात होतं.

आजच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं अशा इंजिनात, हाय प्रेशर पंप डिझेलला दीड-दोन हजार बारपर्यंत दाबतो. कारच्या टायरमध्ये हवा सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज घ्या. इतक्या दाबाखाली एकमेकांवर घासणाऱ्या भागांना बहुतेक पंपांत वेगळं ऑइल नसतं, डिझेलचाच चिकटपणा हे त्यांचं वंगण. पेट्रोल तो पातळ थर धुऊन काढतं. मग धातूवर धातू घासतो, बारीक चुरा सुटतो, तो रेलमधून इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांत जातो आणि रिटर्न लाइनने परत टाकीत येतो. म्हणजे एकटा पंप जात नाही, अख्खी साखळी जाते.

आमच्या मिस्त्रीने डिझेल फिल्टर काढून त्यातलं इंधन स्टीलच्या ताटलीत ओतलं आणि ताटली मोबाइलच्या उजेडात तिरकी केली. तळाशी चांदीच्या वर्खासारखी बारीक चकाकी सरकत होती. बोट बुडवून चोळलं तर बोटावर राखाडी शाई लागल्यासारखं. "हा तुमचा पंप आहे शेठ," तो म्हणाला. तुमची गाडी चुकीच्या इंधनावर चालली असेल तर इतर काही ठरवण्याआधी फिल्टर तुमच्यासमोर उघडायला सांगा. चकाकी नसेल तर अजून आशा आहे. असेल तर नुसती टाकी धुऊन गाडी परत घेऊ नका, तो चुरा नव्या पंपालाही खाईल.

चावी फिरवायची नाही म्हणजे नुसतं इग्निशन ऑनसुद्धा करायचं नाही. कित्येक गाड्यांत टाकीतला छोटा इलेक्ट्रिक पंप तेवढ्यानेच सुरू होतो आणि इंधन पुढे ढकलतो. काच खाली करायलाही नको. मग गाडी ढकलायची कशी? चावीची गाडी असेल तर स्टिअरिंग लॉक सुटेल इतकीच, पहिल्या खटक्यापर्यंत चावी फिरवा. बटण-स्टार्ट असेल तर बऱ्याच गाड्यांत ब्रेक न दाबता बटण एकदा दाबलं की फक्त ऍक्सेसरी चालू होते, तिथेच थांबा. ऑटोमॅटिक गाडी न्यूट्रलला आणायला बऱ्याच गाड्यांत गियर लिव्हरशेजारी शिफ्ट लॉकचं छोटं झाकण असतं, त्यात चावीचं टोक दाबून लिव्हर सरकतो. तुमच्या गाडीत ते कुठे आहे हे आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून ढकलणाऱ्यांना हळू घ्यायला सांगा. पंपावरच हवा भरायच्या जागेपाशी गाडी उभी करा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत.

"थोडंच गेलंय, वर डिझेल मारून पातळ करू"

हा सल्ला पंपावर हमखास मिळतो, आणि देणारा मनापासून देत असतो. जुन्या टेम्पो-ट्रकच्या पंपांना थोडं पेट्रोल, थोडं रॉकेल पचून जायचं, कारण दाब कमी आणि काही पंपांना इंजिन ऑइलचं वंगण मिळायचं. पण १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आले. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आलं. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, तो वेगळं रसायन घालून भरून काढावा लागतो. म्हणजे आधीच काठावर असलेल्या वंगणात तुम्ही पेट्रोल ओतताय. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. दोन लिटर गेलं असेल तरी टाकी रिकामी करा. मिस्त्रीचा दोन तासांचा हिशेब पंपाच्या किमतीपुढे काहीच नाही.

आणखी एक फसगत. भरल्यावर गाडी दोन-तीन किलोमीटर अगदी व्यवस्थित चालते, कारण लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल असतं. "चालतेय की!" असं वाटतं. आमचा पिकअप तसाच पुलापर्यंत पोचला. वाटेत जाणवलंच तर पुढचा पंप, पुढचं गॅरेज शोधू नका. डावीकडे घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा.

तोंडाने पाइप ओढणं

रात्री मिस्त्री नाही म्हणून नळी घालून तोंडाने इंधन ओढणारे मी पाहिलेत. पेट्रोलचा घोट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला इजा होते, हे जिवावरचं काम आहे. शिवाय डिझेलमध्ये पेट्रोल मिसळलं की ते आगीच्या बाबतीत पेट्रोलसारखंच वागतं. डिझेलच्या वाफा साधारण ३५ अंशांच्या पुढे पेट घेण्याजोग्या होतात, पेट्रोलच्या उणे ४० च्या आसपाससुद्धा. त्यामुळे जवळ विडी-सिगरेट नको, बॅटरीची वायर ओढाताण नको. काढलेलं इंधन धातूच्या कॅनमध्ये घ्या. गटारात ओतू नका, मुंबईचं गटार खाडीत जातं. आणि ते बाइकमध्ये किंवा स्टोव्हमध्ये वापरायचा मोह तर अजिबात नको.

लपवणं

माझ्या मते मुंबईत सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. इथे गाडी एकाची, चालवणारा दुसरा. आमचा त्या रात्रीचा ड्रायव्हर बदलीवर आलेला, एरवी छोटी पेट्रोल-सीएनजी गाडी चालवणारा. नोझल लटकवतानाच त्याच्या लक्षात आलं होतं. पण पगारातून कापतील या भीतीने त्याने चावी मारली. पंपावर उभं राहून एक फोन केला असता तर सकाळपर्यंत काम झालं असतं. हे मी त्याला रागावून नाही, दोन दिवसांनी चहा पिताना विचारलं, तेव्हा त्याने खालमानेने सांगितलं. त्यानंतर दोन्ही ड्रायव्हरांना मी तोंडी शब्द दिलाय : चुकीचं इंधन पडलं आणि गाडी चालू न करता फोन केलात, तर एक रुपया कापणार नाही. तुमच्याकडे ड्रायव्हर असेल तर हा शब्द आजच द्या.

मुळात चूक होते कुठे

"झीरो बघा साहेब" म्हटल्यावर आपण इमानदारीने झीरो बघतो, पण नोझल कुठल्या मशीनवरून उचललं ते बघत नाही. पेट्रोलचं नोझल साधारण बारीक असतं, डिझेल गाडीच्या टाकीचं तोंड मोठं. त्यामुळे पेट्रोलचं नोझल डिझेल गाडीत सहज जातं, उलट मात्र बहुधा अडतं. नोझलच्या रंगावर विसंबू नका, तो सगळीकडे एकसारखा नसतो. शब्दांचाही घोळ होतो. 'स्पीड' हे एका कंपनीच्या पेट्रोलचं नाव आणि साध्या डिझेलचं अधिकृत नाव 'हाय स्पीड डिझेल'. "स्पीड टाका" असं म्हणूच नका. "फुल करा", "दोन हजारचं मारा" याच्या आधी "डिझेल" हा शब्द आला पाहिजे, मोठ्याने.

दराकडे बघायची सवयही उपयोगी. २०२५ मध्ये मुंबईत पेट्रोल १०३ रुपयांच्या वर आणि डिझेल ९० च्या आसपास होतं. गेल्या गणपतीत मेहुण्यांची डिझेल गाडी घेऊन चिपळूणला निघालो, पहाटे चेंबूरला टाकी भरताना डिस्प्लेवर शंभराच्या वरचा दर दिसला आणि मी ओरडलो. तीन लिटर गेलं होतं. चावी खिशातच ठेवली. बायको-मुलं रिक्षाने घरी, गाडी ढकलून बाजूला, मिस्त्री साडेआठला आला. टाकी उतरवली, फिल्टर बदलला, दहा लिटर ताजं डिझेल घालून प्रायमरने (हातपंपाने) लाइनमधली हवा काढली. साडेबाराला पुन्हा निघालो, आरतीला पोचलो.

बीएस-६ च्या बऱ्याच डिझेल गाड्यांत निळ्या झाकणाची डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची, वेगळी टाकी असते. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षाही वाईट, युरियाचे खडे धरतात आणि भाग गंजतात. नियम तोच, चावीला हात नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. साध्या पॉलिसीत असं नुकसान बहुधा बसत नाही, पण रोडसाइड असिस्टन्स घेतलं असेल तर काही कंपन्या चुकीच्या इंधनासाठी टोइंग देतात. आपल्या कागदात काय लिहिलंय ते वाचा, आणि पंपाची पावती व मशीनचा फोटो काढून ठेवा. चूक पंपावरच्या माणसाची असेल तर मॅनेजरला तिथल्या तिथे बोलवा, नंतर काही सिद्ध करता येत नाही.

दोन्ही पिकअपच्या टाकीच्या झाकणाच्या आतून आम्ही नंबरप्लेटवाल्या पेंटरकडून पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत "फक्त डिझेल" लिहून घेतलंय. बाहेरून नाही, आतून. झाकण उघडल्याशिवाय नोझल घालता येत नाही, आणि उघडलं की पंपावरच्या पोराला ते दिसतंच.