मूल मारलं गेलं, वस्ती पेटली: तपास न बिघडवता काय करता येतं

घरात छळ होऊन मूल दगावल्याची बातमी फुटली की पहिल्या दोन दिवसांत दोनच गोष्टी वेगाने पसरतात: संताप आणि ऐकीव माहिती. संतापाने तपासाचं फारसं बिघडत नाही. ऐकीव माहितीने बिघडतं, कारण ती खऱ्या साक्षीदाराच्या आठवणीत मिसळते आणि वर्षभराने उलटतपासणीत नेमकी तिथेच साक्ष फाटते.

म्हणून सगळ्यात आधी, मोर्चाच्याही आधी, वही काढा. त्या घराशेजारी राहणारे, मुलाला शिकवणारे, दुकानात पाहिलेले, जिन्यात भेटलेले, अशा ज्यांना ज्यांना काही ठाऊक आहे त्यांनी ते त्याच दिवशी लिहून काढावं. एकट्याने बसून, कोणाशीही चर्चा करण्याआधी आणि बातम्या आणखी वाचण्याआधी. कागदाच्या माथ्यावर लिहिण्याची तारीख आणि वेळ टाका.

कसं लिहायचं, ते दोन नमुन्यांवरून कळेल. पहिला: ‘ते लोक पोराला रोज मारायचे, सगळ्यांना माहीत होतं.’ दुसरा: ‘मंगळवारी रात्री मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. भिंतीपलीकडून पोराचं रडणं ऐकू आलं. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, दोनदा. त्यानंतर रडणं एकदम थांबलं. टीव्हीवर साडेदहाच्या बातम्या नुकत्याच लागल्या होत्या.’ पहिल्या वाक्यात निष्कर्ष आहे, तो काढणं न्यायालयाचं काम. दुसऱ्यात वेळ आहे, जागा आहे आणि वेळ का आठवते याचं कारणही आहे. ही वेळ डॉक्टरांच्या अंदाजाशी, फोनच्या नोंदींशी, कामावरून परतल्याच्या वेळेशी ताडून बघता येते. ‘सगळ्यांना माहीत होतं’ हे कशाशीच ताडता येत नाही.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. ‘तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली’ हेही लिहा, पण तिचं म्हणून. चुकलं तर खोडरबर नको, एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. हा कागद पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवू नका. डागाळलेला मूळ कागदच कामाचा.

व्हिडिओ आणि फोटो

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि तेही चांगल्या हेतूने. मेसेजिंग ॲपवरून साधा फॉरवर्ड केलेला व्हिडिओ दाबून लहान होतो आणि मूळ फाइलमधली वेळ-ठिकाणाची माहिती बहुधा गळून पडते. कोणीतरी सुरुवातीचे दहा सेकंद कापतो, कोणी त्यावर लाल बाण काढतो, आणि बचावाच्या वकिलाला आयता प्रश्न मिळतो: कापलेल्या भागात काय होतं? मूळ फाइल ज्या फोनवर आहे तिथेच राहू द्या. नाव बदलू नका, कापू नका, ग्रुपवर टाकू नका. तपास अधिकाऱ्याला सांगा, ते स्वतः उतरवून घेतील.

सीसीटीव्हीची गोष्ट घाईची आहे. डिस्क भरली की रेकॉर्डर जुनं पुसून त्यावरच नवं लिहीत जातो. किती दिवसांनी, ते डिस्कच्या आकारावर आणि कॅमेऱ्यांच्या संख्येवर ठरतं; लहान यंत्रणेत आठवडाभरातही पुसलं जाऊ शकतं. मूल कधी दगावलं यापेक्षा आधीचे दिवस जास्त बोलके असतात, आणि तेच आधी पुसले जातात. तेव्हा त्याच दिवशी पोलिसांना कळवा, आणि ते येईपर्यंत जुनं पुसलं जाणार नाही एवढं बघा. रेकॉर्डरचं घड्याळ अनेकदा चुकीचं असतं. स्क्रीनवरची वेळ आणि आपल्या फोनवरची वेळ एकाच फोटोत घ्या. रेकॉर्डर सतरा मिनिटं पुढे होता की मागे, यावर अख्खा घटनाक्रम फिरतो.

मुलांना विचारू नका

त्या घरातली भावंडं, वर्गमित्र, खेळगडी यांना खूप काही माहीत असतं आणि मोठ्यांना ते काढून घ्यायची घाई होते. ‘बाबा मारायचे ना रे?’ हा प्रश्न नाही, उत्तर आहे. लहान मूल समोरच्याला हवं तेच म्हणतं, मग स्वतःही तसंच आठवू लागतं. अशा मुलांशी बोलायला प्रशिक्षित माणसं असतात. शक्यतो एकदाच, रेकॉर्डिंग करून. मूल आपण होऊन बोललं तर ऐका, ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा, आणि त्याचेच शब्द जसेच्या तसे टिपून पोहोचवा. त्याचे बोबडे शब्द सुधारायचे नाहीत.

‘अजून खुनाचा गुन्हा का नाही?’

ही घोषणा हमखास ऐकू येते, म्हणून उशीर कुठे होतो ते समजून घेणं बरं. अशा मृत्यूत संपूर्ण सांगाड्याचे एक्स-रे काढतात. हाड जुळू लागल्याची खूण एक-दोन आठवड्यांनी दिसू लागते, त्यामुळे ताजं आणि जुनं फ्रॅक्चर वेगळं करता येतं. म्हणजे मार एकदाच की वारंवार, हे कळतं. मेंदू तपासण्याआधी अनेकदा फॉर्मलिनमध्ये (अवयव टिकवून घट्ट करणाऱ्या रसायनात) काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे ठेवावा लागतो. वळ किती जुना हे त्याच्या रंगावरून खात्रीने सांगता येतं, हा फार पसरलेला गैरसमज आहे.

दुसरी अडचण घरातली. दोन मोठी माणसं, दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. या पेचासाठीच ब्रिटनने 2004 च्या कायद्यात मुलाचा मृत्यू घडवणं ‘किंवा घडू देणं’ हा वेगळा गुन्हा आणला.

दक्षिण कोरियात ऑक्टोबर 2020 मध्ये 16 महिन्यांची दत्तक मुलगी दगावली. आधी तीनदा तक्रार झाली होती. सुरुवातीचा आरोप छळातून मृत्यूचा होता. जानेवारी 2021 मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमानंतर देश पेटून उठला. पण पोटातल्या जखमांचं तज्ज्ञांनी फेरपरीक्षण केलं तेव्हा खटल्याच्या पहिल्या दिवशी खुनाचा आरोप उभा राहिला. मे 2021 मध्ये दत्तक आईला जन्मठेप झाली, अपिलात ती 35 वर्षांवर आली. जनतेच्या दबावाने ते फेरपरीक्षण लांबणीवर पडू दिलं नाही, असं फार तर म्हणता येईल. खून सिद्ध करायला मात्र वैद्यकीय पुरावाच लागला.

बाकीचं थोडक्यात

आरोपीचं घर, गाडी, नातेवाइकांचे फोटो टाकू नका. पत्ता एका घराने चुकला तर पुढचं आवरत नाही. ऑगस्ट 2000 मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला एका बालरोगतज्ज्ञ महिलेच्या घरावर मुलांचं लैंगिक शोषण करणारी असल्याचं रंगवून ठेवलं होतं. इंग्रजीतले ‘पीडिअ‍ॅट्रिशियन’ (बालरोगतज्ज्ञ) आणि ‘पीडोफाइल’ (मुलांकडे लैंगिकदृष्ट्या आकर्षित होणारा) हे शब्द सारखे सुरू होतात, कारण एवढंच. मुलाचं नाव आणि फोटोही थांबवा: भावंडं जिवंत असतात, शाळेत जातात. काही देशांत अशी ओळख उघड करणं गुन्हाच आहे.

वर्गणी लगेच गोळा करू नका. अशा प्रकरणात ‘कुटुंबाला मदत’ म्हणजे कधीकधी आरोपीलाच मदत. मेणबत्त्या, फुलं, खेळणी पोलिसांच्या फितीपासून लांब ठेवा. घराच्या दारात तर नकोच. पायांचे ठसे पुसले जातात.

मोर्चा काढायचाच असेल तर

फाशीची मागणी करून कोणालाच उत्तर द्यावं लागत नाही. उत्तर द्यावं लागेल असे प्रश्न निवेदनात घाला: आधी तक्रार कधी आली, कोणी घेतली, घरी कोण गेलं, मुलाला एकट्याने पाहिलं का, फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या सहीने बंद झाली. लंडनमध्ये फेब्रुवारी 2000 मध्ये आठ वर्षांची मुलगी छळाने दगावली, अंगावर 128 खुणा होत्या. चौकशी आयोगाने हेच विचारलं, तेव्हा तिला वाचवण्याच्या किमान 12 संधी हुकल्याचं निघालं. 2003 च्या अहवालात 108 शिफारशी आल्या आणि 2004 मध्ये मुलांच्या संरक्षणाचा नवा कायदा (वर आलेला 2004 चा कायदा वेगळा). निवेदनाची पोच घ्या, तारखेसकट.

आणि शेजारी दुसरं मूल असेल तर? चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर वळ दिसला, किंवा चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही दिसला, तर बालरोगतज्ज्ञ तो धोक्याचा इशारा मानतात; जे बाळ अजून सरकतही नाही ते कशावर आपटणार? पुराव्याची वाट न बघता बालसंरक्षण यंत्रणेला फोन करा. काय दिसलं, कुठे, कधी, एवढंच सांगा, तक्रारीचा क्रमांक मागा आणि वहीत त्याच पानावर लिहा.