केबिनमधला भरवसा पुरत नाही

बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात तुम्ही नुकतेच विभागप्रमुख झाला असाल, तर आढावा बैठक कशी चालते ते सांगायला नको. डिस्पॅचची तारीख ठरते, सगळे माना डोलावतात आणि नंतर एकेक जण शेठच्या केबिनमध्ये जाऊन खरी अडचण सांगतो.

जपायचं ते इथेच. शेठ दार लावून घेतात, चहा मागवतात, "तू मोकळेपणी बोल" म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, आपण विश्वासातले झालो. मीही या केबिनमध्ये पुष्कळ बसलो आहे. बाहेर पडताना पुढचा प्रमुख आत शिरताना दिसायचा आणि तो आपल्याबद्दल काय सांगत असेल, हा घोर दिवसभर सुटायचा नाही. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. प्रत्येकाचा शेठवर भरवसा, एकमेकांवर कुणाचाच नाही. मग परचेसला माल उशिरा येणार हे माहीत असूनही प्रॉडक्शनला ते शेवटच्या दिवशी कळतं.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९९च्या शोधनिबंधात मानसिक सुरक्षितता ही टीममधल्या सगळ्यांची सामायिक धारणा मानली: इथे धोका पत्करून बोललं तरी चालतं. दोघांतल्या जवळिकीनं ती येत नाही. त्याआधी रुग्णालयांच्या अभ्यासात त्यांना दिसलं होतं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जातात, कारण तिथे लोक त्या लपवत नाहीत. तेव्हा बैठकीत अडचणी वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नका.

केबिनमध्ये जाण्याआधी ज्याच्या कामाबद्दल बोलायचं आहे, त्याला गाठा. "ही तारीख मला अवघड वाटते, बैठकीत मांडणार आहे," एवढं पुरे. कुणी स्वतःहून चूक सांगितली, तर पहिला प्रश्न "आता काय लागेल?" हाच विचारा. "कुणी केलं?" विचारलंत, की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही.

आपल्या मराठी मंडळींना एक कळकळीची विनंती: गुजराती सहकारी समोर असताना आपापसात मराठीत कुजबुजू नका. टीममधला भरवसा वाढावा म्हणून रिसॉर्टवर खेळवतात त्या एक दिवसाच्या खेळांवर माझा अजिबात विश्वास नाही. स्वतःसाठी मार्गदर्शक मात्र दुसऱ्या विभागातला, तोंडावर चूक दाखवणारा शोधा.

सगळी कंपनी तुम्ही एकट्यानं बदलायची नाही. क्वालिटी आणि प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी एकमेकांना आधी सांगायचं ठरवलं, तरी ताण खूप हलका होतो. पण खरं बोलणाऱ्याचा भर बैठकीत वारंवार पाणउतारा होत असेल आणि बाकीचे खाली बघत असतील, तर दुसरी नोकरी शोधायला लागा.