हजार लिटरची जाळीवाली टाकी: छपराच्या कामाला घ्या, पण छपरावर चढवू नका

गोव्यात वेर्णा, कुंडई, मडकई साइडला भंगारवाल्यांकडे त्या पांढऱ्या चौकोनी टाक्या बघितल्या असतील, बाहेरून लोखंडी जाळी, खाली पॅलेट, वर झाकण, समोर नळाची झडप. त्यांना आयबीसी म्हणतात, हजार लिटर मावतं. मृग लागायच्या आधी कौलं परतायला काढायची असतील तर एखादी घेऊन ठेवा, काम झाल्यावर पण वर्षभर उपयोगी पडते.

घेताना पहिलं बघायचं ते लेबल. आत आधी काय होतं ते कळलं पाहिजे. लेबल खरवडलेलं असेल, किंवा कीटकनाशक, ॲसिड, सॉल्व्हंट असलं काही लिहिलेलं असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. ग्लिसरीन, खाद्यतेल, सिरप असलेली चालते. साबणाची पण चालेल, धुवायला मात्र पाणी खूप लागतं आणि फेस काही संपत नाही. वरचं तोंड साधारण 150 मिलिमीटरचं, हात कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आत थर बसलेली दिसली तर ती फक्त कापायलाच घ्यायची.

कापलेली टाकी कौलांना एक नंबर. वरच्या दोन पट्ट्यांचे स्क्रू काढले की प्लास्टिकची टाकी जाळीतून वर निघते. जाळी ग्रायंडरने वेगळी कापा, प्लास्टिक जिगसॉने, कारण ग्रायंडर प्लास्टिकवर चालवला की ते वितळून चिकटत बसतं. खालचा भाग गुडघ्याएवढा ठेवून परत पॅलेटवर बसवा आणि पाणी भरा. शेवाळ धरलेली कौलं त्यात थोडा वेळ भिजवून काथ्याने घासली की ओले हिरवे थर सुटतात, गाळ तळाला बसतो, झडप उघडून सोडून द्यायचा, परत पाणी. दुसरी टाकी असेल तर तिची जाळी तशीच ठेवून फुटकी कौलं टाकायला वापरा, अंगणभर खापऱ्या पसरत नाहीत.

कौलं वर चढवायला मात्र छोटे क्रेट आणि कप्पी. एक मंगलोरी कौल 2 ते 2.5 किलोचं, दहा कौलांत क्रेट 25 किलोवर जातो, त्याहून जास्त भरू नका. आणि टाकीवर किंवा जाळीवर उभं राहून वाशाला हात घालायचा नाही, जाळी आतल्या पाण्याला धरून ठेवायला बनवलीय, माणूस नाचायला नाही. शिडी घ्या.

आता पाणी साठवायचं. सगळ्यांच्या डोक्यात पहिलं येतं की स्लॅबवर ठेवू, प्रेशर मिळेल. नको! भरलेली टाकी एक टनाच्या वर, आणि पाया फक्त 1.2 बाय 1 मीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेआठशे किलोच्या वर. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण 150 ते 200 किलोचं असतं. इंजिनियरने बघितल्याशिवाय वर नेऊच नका. जमिनीवर चिऱ्यांचा लेव्हल ओटा करा, पॅलेट सगळीकडून टेकलं पाहिजे, बादली खाली मावेल एवढी उंची पुरे.

पन्हळीचं पाणी पाइपने टाकीत घ्या. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या छपराला 10-11 मिलिमीटरमध्ये टाकी फुल्ल, जुलैत हे एका सरीचं काम, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप पहिला बसवा आणि तो भिंतीपासून लांब न्या, नाहीतर सगळं पाणी घराच्या पायात मुरतं. कौलं परतल्यावर पहिल्या दोन-तीन सरी बाहेरच सोडायच्या. झाकणाला बारीक जाळी, डासांसाठी. उजेड आत गेला की पाणी हिरवं होतं, रंग या प्लास्टिकवर नीट धरत नाही, सरळ काळी ताडपत्री गुंडाळा. हे पाणी झाडांना, गाडीला, संडासाला. प्यायला नाही.

झडपेचे आटे जाड असतात, हार्डवेअरमधला साधा नळ त्यावर फिरत नाही, अडॅप्टर मागून घ्या.

उरलेल्या जाळीवर पावसात दोडकी, काकडी चढवा, चवथीच्या माटोळीला (गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधतात ती चौकट) घरचीच होतात. फक्त ग्रायंडरने कापलेल्या टोकांना लगेच झिंक प्रायमर मारा, आपल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच सुरू होतो.