बेसबॉलमधील नवोदित खेळाडूची पारख कशी करावी

नाशिकमध्ये बेसबॉलच्या निवड चाचणीला येणारी मुले बहुधा आधी क्रिकेट खेळलेली असतात आणि तेथील गोल्फ क्लब नावाच्या क्रिकेट मैदानावर अंगवळणी पडलेल्या सवयी घेऊनच होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभी राहतात. म्हणून क्रीडाशिक्षकाने चेंडू किती लांब गेला याची नोंद शेवटी करावी. आधी कोणती सवय उपयोगाची आहे, कोणती मोडावी लागेल आणि सांगितल्यावर खेळाडू ती बदलू पाहतो का, हे तपासावे.

फलंदाजीची सुरुवात टीवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेल्या स्थिर चेंडूने करावी, कारण तेथे समोरच्या वेगाची अडचण नसल्याने केवळ शरीराची हालचाल दिसते. कंबर आधी वळून हात तिच्या मागून येतात का, डोके स्थिर राहते का आणि दहा स्विंगपैकी पहिला व शेवटचा सारखाच आहे का, हे बाजूने उभे राहून पाहावे. त्यानंतर प्रत्यक्ष पिचिंगवर, म्हणजे समोरून फेकलेल्या चेंडूंवर, खेळवताना मुलाने कोणते चेंडू मारायला घेतले, यालाच अधिक महत्त्व द्यावे. स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू वैध ठरण्याचा पट्टा, १७ इंच रुंदीच्या प्लेटवर, गुडघ्यांपासून साधारण छातीपर्यंत असतो. त्याबाहेरचे चार चेंडू सोडले की फलंदाजाला पहिला बेस (धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा) मिळतो. हे चार चेंडू शांतपणे सोडणाऱ्याला, वाटेल त्या चेंडूवर बॅट फिरवून दोन उंच फटके मारणाऱ्यापेक्षा मी वरचे स्थान देईन.

क्षेत्ररक्षणात क्रिकेटची मुले झेल चांगला घेतात, पण ग्लोव्हमुळे सुरुवातीला गोंधळतात. त्याचे फारसे गुण कापू नयेत. जमिनीवरून येणारा चेंडू गुडघा टेकवून अडवण्याची सवय मात्र इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या आतल्या भागात, महागात पडते, कारण चेंडू अडवणे पुरेसे नसून धावपटू पोहोचण्यापूर्वी तो पहिल्या बेसवर जावा लागतो. चेंडू ग्लोव्हमध्ये शिरल्यापासून हातातून सुटेपर्यंतचा वेळ स्टॉपवॉचने मोजावा. उंच चेंडूवर पहिले पाऊल कोठे पडते तेही पाहावे. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी जो आधी पुढे धावतो, त्याला चेंडूचा अंदाज शिकवावा लागेल.

पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, शोधताना वेगवान गोलंदाजाकडेच नजर जाते, परंतु गोलंदाजीत कोपर सरळ करण्यावर बंधन असते आणि पिचिंग ही मुळात फेक आहे. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे सपाट थ्रो करणारा किंवा शाळेत भालाफेक करणारा मुलगा अधिक जवळचा उमेदवार ठरू शकतो. २००८ मधील एका स्पर्धेतून पुढे आलेले आणि पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने करारबद्ध केलेले रिंकू सिंह व दिनेश पटेल हे दोघे भालाफेकपटूच होते.

पिचर आणि प्लेट यांतील अंतर मात्र वयाप्रमाणे ठेवावे. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या बारा वर्षांपर्यंतच्या खेळाडूंसाठी ते ४६ फूट असते, मोठ्यांसाठी ६० फूट ६ इंच. सोयीची म्हणून क्रिकेटच्या ६६ फुटी खेळपट्टीच्या टोकावरून पिचिंग घेतल्यास चांगला मुलगाही दुबळा भासतो. वेगापेक्षा चेंडू प्रत्येक वेळी एकाच ठिकाणाहून सुटतो का, पुढचे पाऊल प्लेटच्या दिशेने पडते का आणि दमल्यावर कोपर खांद्याखाली घसरते का, याकडे लक्ष द्यावे. कर्व्ह बॉल (हवेत वळणारा चेंडू) टाकून दाखवण्याचा आग्रह लहान मुलांना करू नये.

अमेरिकेतील ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका दिवसातील पिचची, म्हणजे फेकींची, मर्यादा ९ ते १० वयासाठी ७५, ११ ते १२ साठी ८५ आणि १३ ते १४ साठी ९५ आहे. चाचणीला एवढ्या पिचची गरजच नसते, वीसएक पुरतात. मात्र त्यापूर्वी खेळाडूने सकाळी नेटमध्ये गोलंदाजी केली आहे का, हे विचारावे, आणि पालकांना नव्हे तर त्यालाच विचारावे, कारण निवडीच्या दिवशी पालक हात दुखत असल्याचे सहसा सांगत नाहीत. उत्तर होकारार्थी आल्यास फलंदाजी तेवढी पाहून घ्यावी आणि पिचिंग दुसऱ्या दिवसावर ढकलावे.