फोनचं फोर-के फुटेज अडखळतंय? सगळं कन्व्हर्ट करू नका, प्रॉक्सी बनवा

गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक आम्ही दोन फोनवर शूट केलं, रात्रभरातलं धरून प्रत्येकी चार तास, म्हणजे आठ तासांचं फोर-के फुटेज. फाईली एच २६५ मधल्या (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), तासाला साधारण १० जीबी, म्हणून सगळं मिळून ८० जीबीतच बसलं. पण एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकलं आणि प्ले केलं की चित्र एकीकडे नि आवाज दुसरीकडे.

याचं कारण असं की एच २६४ असो की एच २६५, त्यात प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवलेली नसते, मध्ये मध्ये एखादी पूर्ण फ्रेम आणि बाकीच्यांमध्ये फक्त काय बदललं तेवढंच. नुसतं बघायला हे ठीक, पण एडिटिंगमध्ये आपण मागेपुढे उड्या मारतो, मग एक फ्रेम दाखवायला लॅपटॉपला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या फॉरमॅटमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून तिथे कट मारणं हलकं जातं.

मग बरेच जण सगळंच फुटेज फोर-के प्रोरेस ४२२ मध्ये कन्व्हर्ट करायला बसतात. कृपा करून हे करू नका. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर तो तासाला साधारण २६५ जीबी खातो, आमच्या आठ तासांचे दोन टीबीच्या वर झाले असते, आणि क्वालिटी मूळ फाईलपेक्षा काडीचीही वाढत नाही! त्याऐवजी छोट्या प्रॉक्सी, म्हणजे मूळ फाईलींच्या हलक्या नकला, बनवायच्या, कट त्यांच्यावर करायचे आणि शेवटचा एक्स्पोर्ट मूळ फाईलीवरून. १०८० मध्ये प्रोरेस प्रॉक्सी (प्रोरेसचाच सगळ्यात हलका प्रकार) तासाला २० जीबीच्या आसपास जाते, आणि क्वार्टर साइझ घेतली, म्हणजे फोर-केची लांबी-रुंदी दोन्ही चौथाई, ९६० बाय ५४०, तर त्याच्याही साधारण चौथाई. आमचं सगळं नाटक ४० जीबीच्या आसपास बसलं.

पण त्याआधी एक काम, फालतू क्लिपा काढून टाका. पडद्यामागची तयारी, चुकून चालू राहिलेला फोन, हे कन्व्हर्ट करून काय मिळणार. दुसरं म्हणजे फोनच्या फाईलींचा फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) बऱ्याचदा वर-खाली होत असतो, त्यामुळे लांब क्लिपमध्ये आवाज हळूहळू सरकतो, आणि दशावतारात मृदंग-झांजांचा ठेका सरकला तर पहिल्यांदा तेच खटकतं. मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून बघा, फ्रेमरेट मोडसमोर व्हेरिएबल लिहिलेलं असेल आणि आवाज खरंच सरकत असेल तर फक्त तेवढीच क्लिप हँडब्रेक या कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून काढा, क्वालिटीचा आकडा म्हणजे आरएफ १८ च्या आसपास ठेवा, आणि नवीन फाईल शेवटपर्यंत बघितल्याशिवाय जुनी डिलीट करू नका.

आता डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्यांदा टाइमलाइनचा फ्रेमरेट ठरवा, कारण फुटेज आत घेतल्यावर तो बदलू देत नाही. मग प्रोजेक्ट सेटिंगमध्ये मास्टर सेटिंग्जला जाऊन प्रॉक्सीचं रिझोल्यूशन क्वार्टर करा, फॉरमॅट मॅकवर प्रोरेस प्रॉक्सी, विंडोजवर डीएनएक्सएचआर एलबी. तिथेच वर्किंग फोल्डर्समध्ये प्रॉक्सीची जागा बाहेरच्या ड्राइव्हवर द्या, नाहीतर सी ड्राइव्ह भरतो. इतक्या छोट्या प्रॉक्सीला साधी हार्ड डिस्कसुद्धा पुरते. मग मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिपांची यादी) सगळ्या क्लिपा सिलेक्ट करून राइट क्लिक, जनरेट प्रॉक्सी मीडिया. आम्ही रात्री लावून झोपलो, चार्जर लावून आणि स्लीप मोड बंद करून. ॲडोबीचं प्रीमियर वापरत असाल तर तिथेही राइट क्लिकवर क्रिएट प्रॉक्सीज आहे.

झालं की प्लेबॅक मेनूत प्रॉक्सी हँडलिंगमध्ये प्रिफर प्रॉक्सीज करा, दोन्ही अँगल एकाच वेळी छान पळतात. फक्त रंग लावताना आणि फोकस तपासताना कॅमेरा ओरिजिनल्सवर या, छोट्या प्रॉक्सीत राजाच्या मुकुटावरची चमक आणि डोळ्यातलं काजळ नीट कळत नाही. एक्स्पोर्ट करताना डिलिव्हर पेजवर यूज प्रॉक्सी मीडियाची टिक नाहीये ना हे आवर्जून बघा, कारण ती राहिली तर सगळं नाटक अंधुक निघतं.

मूळ फाईलींची नावं आणि फोल्डर मधेच बदलू नका, लिंक तुटते. फायनल व्हिडिओ मंडळींना दाखवून पक्का झाला की प्रॉक्सीचं फोल्डर बिनधास्त डिलीट करा, पुन्हा लागलं तर पुन्हा बनतात, आणि प्लेबॅक मेनूतून रेंडर कॅशही (सॉफ्टवेअरने स्वतः साठवलेल्या तात्पुरत्या फाईली) काढून टाका, तीसुद्धा गुपचूप बरीच जागा अडवून बसलेली असते.